शेवटच्या फेरीचा चढ

बास गिटार वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि हे ज्याला सोसत नाही त्याने बासच्या वाटेला जाऊ नये. लोकांना गाणारा दिसतो, ड्रम बडवणारा दिसतो, गिटारवाला तर दिसण्यासाठीच उभा असतो. मागे चार जाड तारांशी जो झोंबत असतो त्याच्याबद्दल फार तर "याच्या गिटारला तारा कमी कशा?" एवढीच चौकशी होते. या बँडमध्ये ते काम एक बाई करायची. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवायची, असा तिचा संसार. बँडमध्ये सगळे तिला 'खर्ज' म्हणत. तिलाही ते नाव मनापासून आवडायचं.

गाणारा तिचा सख्खा थोरला भाऊ. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा, आणि त्याला सगळे दादाच म्हणायचे, त्याच्याहून वयाने मोठे असलेले मास्तरसुद्धा. मास्तर म्हणजे गिटारवाले. शाळेत गणित शिकवायचे आणि तालमीलाही तोंडी परीक्षेला आल्यासारखे बसायचे. ड्रमवर बेकरीवाला. पहाटेपासून भट्टीसमोर उभा राहून आलेला हा माणूस दोन गाण्यांच्या मध्ये खुशाल डोळे मिटून घ्यायचा, पण गाण्यात त्याचा ताल कधी इकडचा तिकडे झाला नाही.

असा हा हौशी कारभार. गंमत म्हणून सुरू झालेला आणि बरा चाललेला. मग हिवाळ्यात दादाचा आवाज बसला तो उठेचना. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं तर स्वरयंत्रावर गाठ. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टर बाई फार स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "बोला, गा, पण वरचे सूर ताणायचे नाहीत. जखम पुन्हा फाटली तर गाणं सोडा, बोलणंही असंच राहील याची खात्री मी देणार नाही." हे त्यांनी दादाच्या बायकोसमोर, वहिनीसमोर सांगितलं, म्हणून घरात कळलं. एकट्या दादाला सांगितलं असतं तर त्याने ते दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं असतं.

आता त्यांचं शेवटचं गाणं कायम ठरलेलं असायचं, आणि त्या गाण्यात चढ होता. चढ म्हणजे काय, तर शेवटच्या फेरीला अख्खं गाणं एक पट्टी वर उचलायचं. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, पण अंगावर काटा येतो आणि तो खुर्चीतून उठतो. चढायचं की नाही हे दादा गाता गाताच ठरवायचा. लोक रंगात असले की पाठीमागे हात नेऊन अंगठा वर करायचा. मग आधी बास चढायचा आणि बासच्या पाठोपाठ बाकीचे. हा बँडचा शिरस्ता. पाया ज्याच्या हातात, त्याने आधी पाऊल टाकायचं.

ऑपरेशननंतर पहिल्याच तालमीत वहिनी येऊन बसली आणि चढ रद्द करून घेतला. दादाने तिच्यासमोर कबूल केलं, "नाही चढणार, बाई. शपथ घालतेस का आता?" मास्तरांनी मान डोलावली. बेकरीवाल्याने डोळे न उघडता "मला काय, ताल तोच आहे" म्हणून टाकलं.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम एका कारखान्याच्या स्नेहसंमेलनाचा होता, भर दुपारी, त्यांच्याच कँटीनमध्ये. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडलेल्या, आणि स्टेज म्हणजे लाकडी फळ्या जोडून केलेला ओटा, पाय पडला की हलणारा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून समोर छोटा स्पीकर ठेवतात, तो तिथे नव्हताच. "चालेल," दादा म्हणाला, "बास पायातून कळतो मला." वहिनी दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती. पर्स मांडीवर घट्ट धरून.

सुरुवातीची गाणी थंड गेली. समोर मॅनेजर मंडळी बसलेली असली की मागच्यांचे हातही वर येत नाहीत. मग दादाने एक युक्ती केली, मशीनवरच्या लोकांना पुढे बोलावलं आणि ओट्याला टेकून उभं केलं. झालं. तिथून पुढे कँटीनचा नूरच पालटला. सहा महिने घरात गुळण्या करत बसलेला माणूस असा फुलला की बघत राहावं. खर्जला आनंद व्हायला हवा होता. ती मात्र त्याच्या हातांवर नजर ठेवून वाजवू लागली. भावाला ती लहानपणापासून ओळखत होती. दाद मिळाली की त्याला शब्द, शपथ, डॉक्टर कुणीच आठवत नसे.

शेवटचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, ध्रुवपद, दुसरं कडवं. पुढचे लोक ध्रुवपद त्याच्यासोबत गायला लागले. आणि मधल्या वाजवण्याच्या तुकड्यात, ज्यानंतर शेवटची फेरी येते, दादाचा डावा हात पाठीमागे आला.

अंगठा वर.

खर्जने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी भुवया उंचावल्या, खांदे उडवले आणि बोटं सरकवायच्या तयारीत आणली. त्यांच्या लेखी गाणाऱ्याने खूण केली म्हणजे प्रश्न सुटला. बेकरीवाला त्याच्या धुंदीत. दुसऱ्या रांगेत वहिनी हसत टाळ्या वाजवत होती. बिचारीला पाठीमागचा अंगठा कुठून दिसणार?

तुकडा आटोपत आला. ओरडून सांगावं तर या गदारोळात कोण ऐकणार? थांबावं तर गाणं कोसळणार. 'तो मोठा आहे, त्याचा गळा आहे,' एक मन म्हणत होतं. 'आणि उद्यापासून तो पाटीवर लिहून बोलायला लागला, तर वहिनीला तू काय तोंड दाखवशील?' दुसरं म्हणत होतं. बोटं घामाने तारेवर घसरत होती. एक पट्टी म्हणजे बोटाच्या पेराएवढं अंतर. तेवढंच सरकायचं होतं.

ती सरकली नाही.

बास येतोच आहे असं धरून मास्तर चढले. दादा चढला, पूर्ण छाती भरून, मान मागे टाकून. आणि खाली बास जुन्याच जागी ठाण मांडून बसलेला. अशा वेळी फार वाईट ऐकू येतं. पण त्यात गोम अशी की बासवर कुणाचा संशय जात नाही. तो ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतो, जमिनीसारखा, आणि जमीन चुकली असं कुणाच्या मनातही येत नाही. ज्याचं तोंड उघडं, तोच बेसूर ठरतो.

दादाचा सूर हवेत लटकला. त्याने दचकून खाली बघितलं, पायाखालची फळी निसटल्यासारखं, आणि आवाज मध्येच तुटला. पुढच्या रांगेतला कुणीतरी खिदळला. मग आणखी दोघं-तिघं. तोवर मास्तरांनी बासचा अंदाज घेऊन झटकन पट्टी उतरवली, आणि दादाने उरलेली फेरी जुन्या सुरात, माइकच्या दांडीकडे बघत, कशीबशी पुरी केली. टाळ्या पडल्या, पण दयेच्या. गाणाऱ्याला टाळ्यांमधला फरक पहिल्या क्षणाला कळतो.

कँटीनच्या मागे भांडी ठेवायची खोली त्यांना कपडे बदलायला दिली होती. दादा तिथे एका उलट्या पातेल्यावर जाऊन बसला. मास्तर मागोमाग आले आणि खर्जच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "शाब्बास. दादा घसरतोय हे ओळखून तू खालीच थांबलीस. मी आपला वेड्यासारखा वर गेलो. तू सावरलंस म्हणून निभावलं."

खर्जला कौतुक क्वचितच मिळायचं, आणि आज मिळालं ते असं.

वहिनी आत आली. तिने आधी दादाच्या गळ्याकडेच पाहिलं. "दुखतंय का? बोलून बघा बरं."

"दुखत नाहीये," दादा म्हणाला. आवाज साफ होता, पण इतका बारीक की त्याचा वाटेना. "दुखलं असतं तर बरं झालं असतं. अगं, मला वाटलं सूर लागला. छातीत अगदी बरोबर बसला होता. आणि सगळं खोटं निघालं. गळ्याचं सोड, माझा कानच गेला. सूर कुठे आहे हेच कळेनासं झालं मला." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "संपलं. आता नाही गायचं. लोकांना हसायला आपण कशाला जायचं?"

बेकरीवाला पहिल्यांदा टक्क जागा झालेला दिसला. "एका सुरासाठी काय लगेच, दादा..."

"एका सुरासाठीच असतं सगळं," दादा म्हणाला.

वहिनीने खर्जचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते सुटकेचं होतं. आता हा माणूस गाणार नाही. गळा वाचला. कायमचा वाचला. आणि खर्जला लख्ख दिसलं, की आपण फक्त गप्प बसायचं आहे. एवढं केलं की सगळ्यांचं भलं. मास्तरांच्या लेखी ती शहाणी, आणि वहिनीचा घोर मिटलेला. तिला जे हवं होतं ते सगळं पदरात पडलं होतं.

फक्त पातेल्यावर बसलेला तो माणूस तिचा भाऊ वाटत नव्हता. तो स्वतःशीच तो सूर पुटपुटत होता, थांबत होता, मान हलवत होता, पुन्हा पुटपुटत होता. परीक्षेत नापास झालेलं पोर घरी येऊन तेच गणित पुन्हा पुन्हा करून बघतं, तसा. तिच्याच्याने ते बघवेना.

"दादा, तुझा सूर बरोबर होता," ती म्हणाली. "मी चढले नाही."

"चुकून?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. खूण पाहिली होती मी. मुद्दाम नाही चढले."

दादाने मान वर केली. "लागला होता?"

"अगदी मधोमध लागला होता. खोटी मी होते."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की काय, कोण जाणे, कारण ते टिकलं नाही. वहिनी म्हणाली, "म्हणजे तुम्ही खूण केलीत? मला शब्द देऊन?" त्याने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "केली. चुकलो मी. तिथे उभा असताना मला तू दिसलीच नाहीस. पुन्हा नाही करणार, आणि हे आता तुझ्या धाकाने म्हणत नाहीये. सूर आहे, एवढं कळलं मला. तो रोज काढून दाखवला पाहिजे असं नाही."

वहिनीचा हात अजून खर्जच्या हातात होता. खर्जला वाटलं, झालं, निस्तरलं. तेवढ्यात दादा उठून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आणि तू," तो म्हणाला. "तुला थांबवायचं होतं तर थांबवायचं होतंस. तारा सोडून द्यायच्या होत्यास. तिथेच पुढे येऊन माझ्या मुस्काटात मारली असतीस तरी चाललं असतं. पण तू वाजवत राहिलीस! मी तुझ्यावर पाय ठेवून उभा होतो आणि तू मला लोकांसमोर खोटं पाडलंस. आणि मी इथे बसून स्वतःच्या कानाला शिव्या देत होतो, ते ऐकत उभी राहिलीस!"

"तुझा गळा..."

"गळा माझा होता! फुटला असता तर फुटला असता, पण माझ्या हाताने. पुढच्या तालमीपासून बास दुसरं कुणीतरी वाजवेल. बहीण म्हणून घरी ये, जेव, भांड, काय वाटेल ते कर. माझ्या पाठीशी उभी राहू नकोस. मला आता मागे वळून बघावं लागेल, आणि मागे बघत गाता येत नाही."

मास्तरांनी "दादा, जरा..." म्हणून पाहिलं. वहिनी "अहो, हळू, गळा" म्हणाली. नणंदेची बाजू घेणारं मात्र ती एक अक्षर बोलली नाही, आणि केव्हातरी तिने आपला हातही काढून घेतला होता.

दादाचं म्हणणं बरोबर होतं, आणि तरी पुन्हा तीच वेळ आली असती तर खर्ज पुन्हा तिथेच थांबली असती, हेही तिला ठाऊक होतं. तिला रडू फुटलं. दादा अजून बोलतच होता, भांडी खणखणतील अशा आवाजात, आणि ती रडता रडता प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत होती. कुठे चीर नव्हती, कुठे घोगरेपणा नव्हता. आवाज पूर्वीसारखा अगदी शाबूत होता.