ओव्हिलाच्या डाव्या पायावरची पट्टी

मी पायाला गुंडाळायची दाबपट्टी बोलतेय. नाक मुरडू नका. वास माझा नाही, ज्या जखमेला मी दिवसरात्र धरून बसते तिचा आहे.

माझा जन्म गिरणीतला. सुती धाग्याची मी, ताणाल तर थोडीशीच ताणणारी. धुवा, वाळवा, पुन्हा बांधा, हेच माझं आयुष्य. घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या थेरेस सिस्टरच्या पिशवीतून मी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, म्हाताऱ्या कोळ्याच्या, ओव्हिला सुरेटच्या, स्वयंपाकघरात आले.

ओव्हिलानं बेचाळीस वर्षं बोटीवर उभ्यानं शेवंडीचे, म्हणजे लॉबस्टरचे, सापळे ओढले. पायांचे सुजून ओंडके झाले आणि डाव्या घोट्यावरची जखम दोन वर्षं भरेना. सिस्टर पाऊल काटकोनात धरायची, आधी मऊ कापूस लावायची, मग मला बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत चढवायची. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा.

"काका, ही घसरली तर वर ओढायची नाही. पूर्ण सोडायची आणि बोटांपासून पुन्हा बांधायची." तिनं हे ओव्हिलाची बायको लेओनी हिलाही शिकवलं होतं.

घसरते मी, खोटं कशाला बोलू? सूज उतरली की पाय बारीक होतो आणि मी घोट्याशी गोळा होते. काम चांगलं केलं म्हणूनच सैल पडते, पण माणसं मलाच बोल लावतात.

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी शेवंडीचा हंगाम उघडतो. घराच्या बोटीचा दोर धक्क्यावरून सोडायचा मान घरातल्या थोरल्याचा. यंदा ओव्हिलाच्या बोटीवर पहिल्यांदाच त्याची लेक जोझेट तांडेल, म्हणजे बोटीची प्रमुख, होती. तिला त्यानं "गुडघा दुखतो" एवढंच सांगितलं होतं. जखमेचं सांगायची त्याला लाज वाटे.

आदल्या दिवशी, रविवारी, लेओनी चर्चला गेलेली असताना मी घसरले. ओव्हिलानं मला खसकन वर ओढलं आणि सापळ्याच्या डांबरी सुतळीनं गुडघ्याखाली आवळून टाकलं.

"आता हल बघू!" तो म्हणाला.

मी कुठली हलतेय! वर फास, खाली मी चुरगळलेली. रक्त वर चढेना. दुपारी लेओनी किसलेल्या बटाट्याचा, तिकडे रापी म्हणतात तो भाजलेला पदार्थ घेऊन आली, तेव्हा त्याचा पाय सपातेत शिरत नव्हता.

"अरे देवा! बोटं निळी पडलीत तुझी. काय केलंस हे?"

"गाठ मारली. बेचाळीस वर्षांत माझी गाठ कधी सुटलेली नाही."

"तेच तर मेलं!" लेओनीनं कात्री घातली.

लेओनीनं फोन करताच सिस्टर धावत आली. अर्ध्या तासानं बोटांना रंग आला, पण जखमेची कड पुन्हा फाटली होती. "आणखी थोडा वेळ गेला असता ना काका, तर पाऊल गेलं असतं. आता पाय उशीवर. उभं राहणं बंद."

"उद्याच्या दिवसापुरतं तरी?"

"एक मिनिटसुद्धा नाही."

म्हातारा भिंतीकडे तोंड करून रडला. मला फार वाईट वाटलं.

सोमवारी पहाटे बोटी गेल्या. त्या सुटण्याआधी लेओनीनं धक्क्यावर जाऊन लेकीला सगळं सांगून टाकलं. दुपारी जोझेट समुद्रावरून आली ती बूटही न काढता बापाच्या पायाशी बसली.

"दाखव."

"घाण वास येतो, पोरी."

"आमिषाच्या पिंपात वाढलेय मी, बाबा. मला वासाचं काय सांगतोस?"

लेओनी सांगत गेली, जोझेट बांधत गेली. पहिल्यांदा वेढा तिरका पडला, तिनं सगळी सोडली आणि बोटांपासून पुन्हा सुरुवात केली.

"दोर कोणी सोडला?" ओव्हिलानं हळूच विचारलं.

"मीच. सोडला आणि उडी मारली बोटीत. तुझ्या जागी कुणाला उभं करणार?"

मग त्यानं उजव्या पायाची विजार वर सारली. तिथल्याही कातडीतून पाणी सुटू लागलं होतं, आणि हे लेओनीलासुद्धा माहीत नव्हतं.

"हाही बांध," तो म्हणाला.

काही महिने लोटलेत आणि माझे धागे विरलेत, उद्या माझ्या जागी नवी येईल. जखम अजून आहे, पण शेंगदाण्याएवढीच. जाता जाता एकच मागणं मागते. आम्हा पट्ट्यांना वरून गाठ मारू नका, आणि दुखरा पाय आपल्या माणसांपासून लपवू नका. झाकलेल्या जखमेवर आम्ही तरी किती पुरे पडणार?