आबांची पत्रावळ

त्या दिवशी सकाळी मी परसात भिंतीला टेकून पळसाच्या पत्रावळी लावत होते. माहेरी आले की हे काम माझ्याकडे असे. काही वर्षांपूर्वी आबा जालन्याच्या बाजारात कापूस विकून परतले आणि म्हणाले, "कपिलधारला नवस बोललोय. आजपासून ताट बंद, पत्रावळीवर जेवणार." अंथरूणही त्यांनी ओसरीवर नेलं. धोतर स्वतः धुऊ लागले.

गावाला याचं कौतुक. शेजारच्या छबुबाई तर वाकून पाया पडायच्या. "लई मोठं मन लागतं, आबा." माझी माय सत्यभामा लग्न झाल्यापासून आबांच्या उष्ट्या ताटात वाढून घेऊन जेवत आली होती. आता ती वेगळं ताट घेऊन चुलीकडे तोंड करून जेवायची.

मला एकच गोष्ट खटके. जेवल्यावर आबा ती पत्रावळ गाईपुढे टाकत नसत. परसाच्या कोपऱ्यात नेऊन जाळून टाकत.

मी टाके घालत होते तेव्हा नेकनूरचे हकीम मैनुद्दीन आले. आबांचे जुने स्नेही. दोघे भिंतीपलीकडे गोठ्यात बसले.

"गहिनीनाथ, अंगावर चट्टा न्हाई, जखम न्हाई. गरमी आसती तर दिसली आसती की बे. आजून कावून डरतो?"

"दडून बसली आसंल तर?"

"जालन्यातली एक रात, आन् तू सारी उमर धरून बसला. ती बाई तिकडं ठणठणीत आसंल, तू हितं पानावर जेवतो!"

"हसू नका, हकीमसाब. सत्यभामाला लागलं तर?"

"तिला सांग तरी."

"कोणत्या तोंडानं सांगू?"

मी हातातलं पान खाली ठेवलं. गरमी म्हणजे उपदंश; हा रोग वर्षानुवर्षं अंगात दडून राहतो, असं मी वाचलं होतं. त्यामुळे हकिमांच्या हसण्याने मला दिलासा मिळाला नाही, आणि आबांची भीती वेडगळही वाटली नाही.

दुपारी आबा भाकरी आणि आंबट वरण जेवले. पत्रावळ उचलून म्हणाले, "तुझा टाका सुटत न्हाई बघ. थेंब गळला न्हाई." मग ती घेऊन परसात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवरच्या अंथरुणातून उठले नाहीत. झोपेतच गेले.

तेराव्याला लोक त्यांच्या नवसाविषयी बोलत राहिले. सगळे गेल्यावर मायने फडताळातून आबांचं पितळी ताट काढलं आणि राखेने घासायला बसली.

"आता कावून घासतीस, माय?"

"देवाला बायकूचं ताट कधी आड आलंय का गं?" तिने मान वर केली नाही. "नवस लोकाला सांगायला. माझाच वीट आलता त्यांला. उष्टं खायाची बी लायकी न्हाई राहिली माझी."

ती घासत राहिली. मी तिच्या हातातून ताट काढून घेतलं.

"माय, नवस नव्हताच. जालन्यात आबा एका बाईकडं गेलते. सोताला गरमी झाली आसंल, ह्याचं भ्या होतं त्यांला. तुला लागू नये म्हणून त्यांनी तुझ्यासंगचं ताट सोडलं."