जनकाबाईची हुंकारबंदी

भल्या सकाळी कपाशीच्या वावरात पंजाबराव आणि जनकाबाई या नवरा-बायकोचं भांडण जुंपलं होतं. म्हणजे भांडत होता पंजाबराव एकटाच. जनकाबाई कापूस वेचत होती.

"अवं, चंद्रशेखर भाऊ आज आपल्या गावात सभा घेऊन राह्यले. उमेदवार म्हंजे असा पाह्यजे! नाल्यावरचा पूल झाला समज."

"मांगच्या बारीच्यानंबी बांधला, त्याच्या मांगच्यानंबी बांधला," जनकाबाई बोंडातला कापूस ओढत म्हणाली. "इतके पूल झाले, पन एकावरबी पाय ठेवता येत नाई."

डोणगावच्या अलीकडचं ते गाव. गावात शिरायला नाल्यावर एक बुटका रपटा. पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की गावाचं बेट व्हायचं. एका वर्षी पोरगी बघायला आलेले पाहुणे गावातच अडकले, ते लग्न लावून, सुनेला घेऊनच परत गेले. गावाला तेवढीच काय ती त्या रपट्याची कमाई.

पण जनकाबाईला यंदा हसू येत नव्हतं. तिच्या सुनेला, रेणुकाला, नुकतेच दिवस गेले होते आणि मोजायला बसलं की बाळंतपण नेमकं आषाढात येत होतं. गावात उपकेंद्राची पक्की इमारत होती, तिला पक्कं कुलूपही होतं. सिस्टर बाहेरगावी राहायची आणि ओट्यावर शेळ्या रवंथ करायच्या.

"पूल राहू द्या," ती म्हणाली. "ते कुलूप उघडते का, इतकंच मले इचाराचं हाये. पन तुमचे भाऊ बोलाले लागले की बाया टाळ्या वाजवतात आन इचाराचं राहूनच जाते. असं करा, दुपारी तुम्हीच उमेदवार व्हा. आम्ही इचाराची सवय करतो."

पंजाबरावाला आणखी काय पाहिजे होतं! तो बोलायला लागला तर एस.टी.चा कंडक्टर तिकिटं फाडायची विसरायचा. दुपारी समाजमंदिरात बाया जमल्या आणि पंजाबराव गळ्यात बायकोचाच टॉवेल घालून खुर्चीवर बसला.

गावच्या आशाताईनं, धम्मशीलानं, सुरुवात केली. "भाऊ, पूल कवा होईन?"

"ताई, पूल म्हंजे काय? दोन काठ जोडनं. म्या त मानसं जोडतो!"

बायांनी टाळ्या पिटल्या.

"आन रोह्यायनं आमची तूर खाल्ली, त्याचं काय?" नीलगायींनी वावर उजाडलेली एक बाई म्हणाली.

"रोही जगला पाह्यजे आन तूरबी वाचली पाह्यजे. म्या दोघायच्या बाजूनं!"

"अवो, तूर त त्याच्या पोटात गेली!"

"मंग त लयच सोपं झालं. दोघं एकाच जागी हायेत, तिथंच समझोता करू!"

हसून हसून बायांचे पदर तोंडात गेले. दिवसा वीज देणार का, सोयाबीनच्या भावाचं काय, सगळे प्रश्न असेच उडाले. कुलपाचा प्रश्न निघाला तर हा म्हणतो, "कुलूप हाये म्हंजे आत काईतरी मोलाचं हाये, याचा अभिमान बाळगा!"

जनकाबाई मात्र नवऱ्याकडे निरखून पाहत होती. घरी हा थापा मारायला लागला की ती काय करायची? काहीच नाही. फक्त हुंकार बंद करायची. भाकरी थापत राहायची. समोरून होकाराचं 'हाव' आलं नाही की पंजाबरावाचं बोलणं कोरड्या विहिरीतल्या मोटारीसारखं घरघरायला लागायचं आणि थोड्या वेळानं तळाचं खरं तेवढं वर यायचं.

"आता कोनी हाव म्हनाचं नाई," तिनं बायांना बजावलं. "हासाचं नाई, टाळी नाई, मुंडीबी हालवाची नाई. हं, बोला भाऊ."

पंजाबराव जोरात सुटला. अर्ध्यात अडखळला. टॉवेलनं घाम पुसला. शेवटी खाली बघत म्हणाला, "खरं सांगू? पूल कोन बांधते तेच मले ठाऊक नाई. आन… परवा दुधाचं गंज मांजरानं नाई लवंडलं. म्याच लवंडलं."

"जमलं!" जनकाबाई म्हणाली.

दिवस कलता चंद्रशेखर भाऊ आले. मागं गाड्यांचा धुरळा, पुढं त्यांचा कार्यकर्ता शेषराव. टाळ्या कुठे वाजवायच्या हे लोकांना दाखवायचं काम त्याचं. भाऊंनी माईक धरला.

"माता-भगिनींनो! हा पूल माह्या काळजातला पूल हाये!"

आणि थांबले. टाळी पडली ती एकट्या शेषरावाची. ती इतकी एकटी वाटली की त्यानं हात खिशात घातले.

भाऊ रोह्यांवर आले. ते दोघांच्याही बाजूनं होते. विजेवर आले. ती दिवसाही देणार होते, रात्रीही देणार होते. बायांनी घरच्या गड्यांनाही बजावलं होतं; समोर सगळं गाव चित्रासारखं बसलेलं. पापणी हलेना.

"आवाज येऊन राह्यला ना?"

कोणी बोलेना. भाऊंनी माईक ठोकला, पाणी प्यायले.

"काऊन वो माय, काई चुकलं का माह्यं?"

गप्प. दूर एक म्हैस ओरडली, तेवढाही भाऊंना आधार वाटला असावा. त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि एकदम खाली आलेल्या आवाजात म्हणाले, "खरं सांगू? हा रपटा म्या आजच पाह्यला. गाडी आदळली तवा."

"हाव," जनकाबाई म्हणाली.

तहानलेल्याच्या हाती तांब्या यावा तसा भाऊंचा चेहरा फुलला.

"आन पूल पुढच्या पावसाच्या आत काई होत नाई. जो होते म्हनते तो लबाड!"

"हाव!" आता दहा-वीस बाया.

शेषरावानं त्यांचा सदरा ओढला. "भाऊ, बस करा, मतं चालली!"

"थांब बे, लोक आयकून राह्यले! रोह्यायचं मले काईच समजत नाई!"

"हाव!"

"भाषन माहा जावई लिहून देते!"

"हाव!" आता तर गडीमाणसंही ओरडली. पंजाबराव सगळ्यांत मोठ्यानं.

जनकाबाई उभी राहिली. "साहेब, आमच्या उपकेंद्राचं कुलूप कवा उघडते?"

भाऊंनी माईक दुसऱ्या हातात घेतला. समोर पुन्हा सगळं शांत झालं होतं.

"आचारसंहिता हाये, आज काई बोलता येत नाई," ते सावकाश म्हणाले. "पन निवडून येवो का पडो, निकाल लागला की आरोग्याच्या हापिसात जाऊन बसतो. सिस्टर राहाले आल्याबिगर उठत नाई."

जनकाबाईनं लगेच हुंकार दिला नाही. तिनं रेणुकाकडे पाहिलं, मग भाऊंकडे. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"हाव," ती म्हणाली.

चंद्रशेखर भाऊ पडले. त्यांना त्या हुंकाराची अशी चटक लागली की पुढच्या गावांतही ते खरं तेच बोलत सुटले, आणि तिथं जनकाबाई नव्हती.

पण पडलेल्या माणसापाशी वेळच वेळ. ते हापिसात जाऊन बसले आणि असे बोलले, असे बोलले, की तिथल्या साहेबानं जीव वाचवायला किल्ली काढून दिली. होळीच्या आधी शेळ्या ओट्यावरून उठल्या आणि सिस्टर राहायला आली.

आषाढात नाला दुथडी भरला. रपटा कुठे होता हे सांगायलाही कोणी तयार नव्हतं. त्याच दुपारी उपकेंद्रात रेणुकाला मुलगी झाली. पोरीनं असा टाहो फोडला की पंजाबराव म्हणाला, "आज्यावर गेली!"

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर मोटारसायकल थांबली. भाऊ. हातात पेढ्यांचा पुडा, अंगावर पाऊस. अलीकडे सगळं गाव जमलं. मधून पाणी गरजत चाललेलं.

पंजाबरावानं तोंडाला हातांचा कर्णा केला. "भाऊ! पूल कवा होईन?"

पलीकडून भाऊ जीव खाऊन ओरडले, "मले काय मालूम बे! म्या त पडलो!"

दोन्ही काठांवर माणसं अशी हसली की नाल्याचं पाणी वीतभर खाली गेलं.