फिरवलेला निकाल

पार्बताबाईंच्या भाजीच्या मळ्यात रानडुकरं शिरायला लागली, तेव्हा त्यांनी बाजारातून आवाजाची मशीन आणून बांधावरच्या खांबाला टांगली. अंधार पडला की तिच्यातून कुत्री भुंकायची, फटाके वाजायचे आणि मध्येच वाघ डरकाळी फोडायचा. डुकरं पळाली. पण शेजारच्या डोमाजींचा गोठा खांबाला लागूनच. वाघ ओरडला की त्यांच्या गायी दावी तोडायला बघत आणि सकाळी धड पान्हा सोडत नसत. बोलाचाली झाली, गावात बैठकी झाल्या आणि शेवटी डोमाजींनी अमरावतीच्या कोर्टात मनाईहुकमासाठी दावा लावला.

डोमाजींचा जावई अकोल्याचा, म्हणून त्यांची वकीलही अकोल्याची, गीतांजली अंभोरे. पार्बताबाईंनी राजापेठेतल्या मनोज काळमेघला वकीलपत्र दिलं.

लेखी युक्तिवाद द्यायची वेळ आली, तेव्हा मनोज मेव्हणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, अडकला होता. मांडवातल्या खुर्चीवर बसूनच त्यानं मोबाइलवरच्या एआयला सांगितलं, "पिकाच्या राखणीसाठी केलेल्या आवाजाच्या बाजूनं एखादा जोरदार निकाल दे." जेवणाची पंगत बसायच्या आत निकाल आला. पोपट हाकलायला डबे बडवणारा एक संत्रा बागायतदार उच्च न्यायालयात जिंकला होता. पक्षकारांची नावं, साल, पान, सगळं होतं. शिवाय एक वाक्य होतं : 'पीक राखणाऱ्याचा आवाज हा गोंगाट नव्हे, ते श्रम आहेत.' एवढं सुंदर वाक्य लिहिणारा न्यायाधीश खोटा असेल, असं मनोजच्या मनातही आलं नाही.

कोर्टात त्यानं ते वाक्य थांबून थांबून वाचलं. मागच्या बाकावर पार्बताबाईंनी पदरानं डोळे टिपले. गीतांजलीनं उत्तरासाठी मुदत मागून घेतली.

पुढच्या तारखेला ती ठसक्यात उभी राहिली. "मॅडम, या निकालाचा आधार घेताच येत नाही. पुढे उच्च न्यायालयाच्याच मोठ्या पीठानं तो फिरवलाय. पोपट दिवसा येतात, डुकरं रात्री. रात्रीचा आवाज वेगळ्या कसोटीवर तपासावा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय."

मनोज ताडकन उठला. "मुळीच फिरवलेला नाही! माझा निकाल आजही कायम आहे!"

दोघं बराच वेळ तावातावानं भांडले. न्यायाधीश मॅडम शांतपणे टिपणं घेत होत्या. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "विषय चांगला आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर दोन्ही निकालांच्या प्रती द्या."

मनोज बार रूमच्या लायब्ररीत धावला. संगणकावर शोधलं, पुस्तकं चाळली, निकाल कुठंच नाही. घाम पुसत त्यानं मोबाइललाच विचारलं. उत्तर आलं : 'क्षमस्व, असा निकाल अस्तित्वात असल्याची खात्री देता येत नाही. त्याच आशयाचा दुसरा निकाल देऊ का?'

समोरच्या टेबलावर गीतांजली पुस्तकांच्या ढिगात बसली होती.

"सापडला काय मॅडम?" मनोजनं विचारलं.

"सापडेलच. तुमचा?"

"सापडेलच."

दोघांनी आणखी चार पुस्तकं चाळली. मग मनोजनं हळूच विचारलं, "माझा निकाल फिरवला, हे तुमाले कोनं सांगतलं?"

गीतांजलीनं आपल्या मोबाइलकडे पाहिलं.

"म्हंजे जो निकाल लागलाच नाई, तो तुमच्या मोठ्या पीठानं फिरवला?"

तिला हसू फुटलं, त्यालाही. मग तिनं घड्याळ पाहिलं; सुट्टी संपत आली होती.

"असं करू," ती म्हणाली, "या निकालांवर आमची भिस्त नाही, एवढंच दोघंही सांगू. मॅडम पुढे जातील. कोनाले काही समजणार नाई."

मनोजला हायसं वाटलं. तो बाहेर आला, तर पायरीवर पार्बताबाई डबा खात बसल्या होत्या.

"वकीलसाहेब, ते वाक्य म्या डोमाभाऊले तोंडावर ऐकवलं. म्हटलं, हायकोर्ट सांगून राहिलं. मळ्यात बोर्ड लावाले पेंटरकडे देल्लं. खाली जजसाहेबाचं नाव टाकाचं हाय. काय नाव होतं त्याइचं?"

मनोज तसाच मागे फिरून गीतांजलीपाशी आला. "मॅडम, मी खरं सांगून टाकतो. तुमचं तुमी पाहा."

"तुम्ही सांगितल्यावर माझं पाहायला काय उरतं?" गीतांजली वैतागून उठली. "चला."

सुट्टी संपताच दोघांनी कोर्टात सगळं कबूल केलं.

"म्हणजे सकाळभर तुम्ही नसलेल्या निकालावर भांडत होतात," मॅडम म्हणाल्या, "आणि मी टिपणं घेत होते?"

"हो, मॅडम."

टायपिस्टला खोकला आला, तो थांबेचना. पण मॅडम हसल्या नाहीत. "चूक मशीनची आहे, असं मला सांगू नका. युक्तिवादाखाली सही तुमची आहे. उद्या मी यावर विश्वास ठेवून आदेश दिला असता, तर?"

दोघांचे युक्तिवाद परत गेले. झाला प्रकार रोजनाम्यात, कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहिला गेला. यापुढे दाखवलेला प्रत्येक निकाल स्वतः मुळातून वाचला आहे, असं लिहून द्यायचा हुकूम झाला.

मग मॅडमनी थेट पक्षकारांनाच पुढे बोलावलं. "डोमाजी, तुम्हाला नेमका त्रास कशाचा?"

"वाघाचा, बाईसाहेब. कुत्र्याले माह्या गायी भेत नाईत. फटाक्याचंही काही नाई. वाघ तेवढा बंद करा."

पार्बताबाई उसळल्या. "मंग हे आधी काहून नाई सांगतलं?"

"तुमी बोलूच कुठी देल्लं!"

कुत्री आणि फटाके ठेवायचे, वाघ काढायचा आणि मशीनच्या भोंग्याचं तोंड गोठ्याकडून फिरवायचं, अशी तडजोड तिथल्या तिथं लिहून झाली. सह्याही झाल्या.

संध्याकाळी मनोजनं गीतांजलीला स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडलं. अकोल्याच्या गाडीत खिडकीशी बसून ती म्हणाली, "घरी सांगणार का?"

"न सांगून काय करता? बायकोही याच कोर्टात वकील हाय. तिनं आतापर्यंत रोजनामा वाचला असंन."

गाडी हलली. मनोजनं स्कूटर घराकडे वळवली खरी, पण राजापेठेत टपरीपाशी उभी करून चहा मागवला. तो संपल्यावर आणखी एक.