खिडकीकडे की शेगडीकडे

"लढाईचं नाव काढायचं नाही, कळलं?" आपल्या मेहुण्याच्या, लायलच्या ताटात आणखी एक डाव बीन्स वाढत मर्लनं बजावलं. "रस्ते, पूल, बर्फ. बस्स! व्हिएतनाम म्हणालास की अर्धं गाव बोटं मोडेल आणि उरलेलं तोंड फिरवेल."

"आणि कुणी विचारलं तर?"

"इतक्या वर्षांत कुणी विचारलंय?"

ते मात्र खरं होतं. मार्चमधला पहिला मंगळवार म्हणजे व्हरमाँटमधल्या गावसभांचा दिवस, आणि सकाळपासून सगळं ईस्ट हार्लो सभागृहात बसलं होतं. शाळेचं बजेट भांडून भांडून मंजूर झालं, चर्चच्या बायकांनी जेवण वाढलं, आता रस्ते-कमिशनरची निवड तेवढी उरली होती. एल्विन कटिंग त्या खुर्चीला वर्षानुवर्षं चिकटून होता. जर्मनांशी लढलेला माणूस, त्यामुळे त्याच्या रस्त्यांवरचे खड्डेही लोक मान देऊन चुकवत.

यंदा त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला लायल थिबो हिवाळाभर गावाचा बर्फ काढायचा. हे काम आपल्याइतकं कुणाला जमणार नाही, असं तो उघड म्हणायचा आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नसे. सलत होती ती एकच गोष्ट. त्याचा बाप अल्सीड शेगडीजवळ, माजी सैनिकांच्या निळ्या टोप्यांच्या रांगेत बसला होता. लायल व्हिएतनामहून परत आला तेव्हा त्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं होतं, "आम्ही जिंकून आलो, पोरा. तुमचं ते कसलं युद्ध?" बाप शेजारीच होता, पण गप्प राहिला. लायलला टोपी कुणी दिली नाही आणि त्यानंही मागितली नाही. वाईट मात्र वाटलं होतं, आणि अजून वाटत होतं.

जेवणं आटोपली. लायल उठला, रस्त्याखालच्या मोऱ्या आणि पुलांवर झकास बोलला, लोकांना दोनदा हसवलं. मर्ल खूश होऊन मांडीवर थाप मारणार, एवढ्यात लोविना पेकनी हात वर केला. अर्ध्या गावाला शिकवलेल्या बाई त्या. त्यांचा मुलगा डेल लायलच्या वर्गातला. तोही तिकडेच गेला होता, आणि शवपेटीतून परत आला.

"लायल, रस्त्यांचं कळलं," बाई म्हणाल्या. "मला सांग, माझा डेल कशासाठी गेला? ती लढाई बरोबर होती का? गोलगोल बोललास तर माझं मत विसर."

"बाई, हा विषय पत्रिकेवर नाही," सभा चालवणारा ऑरिन चाचरत म्हणाला.

"ऑरिन, तुलाही पाढे मीच शिकवलेत. गप्प बस."

मर्लनं कपाळाला हात लावला. लायलनं शेगडीकडे पाहिलं. 'बरोबर होती' म्हटलं की टोप्या आपल्या, कदाचित बापही आपला. बाप मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"नाही, बाई," लायल म्हणाला. "बरोबर नव्हती. मी तिथं रस्ता बांधत होतो. समोरचे रात्री तो उडवायचे, आम्ही सकाळी खड्डे भरायचो. आपलं इथं काही काम नाही, हे मला लवकरच कळलं. तरी भरत राहिलो, कारण त्यावरून डेलसारखीच पोरं जायची. त्याची मला लाज वाटत नाही. पण डेल कशासाठी गेला ते मला सांगता येत नाही. आणि तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

"मग गणवेश कशाला चढवलास?" एक टोपी कडाडली.

"बोलावणं आलं म्हणून. तुम्हालाही आलंच होतं की!"

बाईंनी डोळे पुसले. "बरं," एवढंच म्हणून त्या खाली बसल्या.

मतदानासाठी हात वर झाले, पण ऑरिनला अंदाज येईना. मग गावच्या रिवाजाप्रमाणे तो ओरडला, "उठा! लायलवाले खिडकीकडे, एल्विनवाले शेगडीकडे!" हा प्रकार मोठा वाईट. काही लपत नाही. नवरा एका भिंतीला, बायको दुसरीला, आणि दोघं एकमेकांकडे डोळे वटारून बघतात.

बाई काठी टेकत खिडकीकडे आल्या. टोप्या शेगडीकडेच राहिल्या. अल्सीड उठला, मधोमध थोडा रेंगाळला आणि माघारी शेगडीकडे गेला.

ऑरिननं दोनदा मोजलं. थोडक्यात का होईना, खिडकी जिंकली. एल्विननं येऊन हात मिळवला. "गिरणीजवळची मोरी तुंबलीय," तो म्हणाला. "आता तुझी."

बाहेर बर्फ वितळून नुसता राडा झाला होता. अल्सीडची गाडी फाटकातच रुतली होती. लायलनं मागून खांदा लावला. चाकांनी त्याला आपादमस्तक रंगवलं, मगच गाडी सुटली.

बापानं काच खाली केली. "काय कमिशनर, हा काय रस्ता झाला?"

"आजचा दिवस एल्विनचा आहे, बाबा. उद्यापासून बोला."

"एल्विनला शब्द दिला होता मी."

"माहितीय."

"बाईंना खरं तेच सांगितलंस," अल्सीड म्हणाला. "बस. सोडतो घरी."

लायलनं कोपरानं दार उघडलं. शेजारच्या जागेवर निळी टोपी होती. समोर अवजारांचा ढीग, बापाच्या डोक्यावर लोकरी कानटोपी, आणि लायलचे हात चिखलानं बरबटलेले. अल्सीडनं टोपी उचलली, कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं आणि वाकून ती लायलच्या डोक्यावर ठेवली.

"जपून," तो गाडी सुरू करत पुटपुटला. "डाग पडला तर निघत नाही."

घर येईपर्यंत लायल मान न हलवता बसून राहिला.