नळीच्या आतल्या खोल्या

तज्ज्ञाने पिशवीतून ती काळी नळी काढली आणि उभे चिरलेले तिचे दोन्ही भाग न्यायाधीशांपुढच्या टेबलावर उताणे मांडले. जेमतेम वीतभर लांबीची वस्तू. दुसऱ्या बाकावरच्या सुनेने मान उंच करून पाहिली. एवढ्याशा वस्तूने तिचा नवरा नेला होता, आणि वर तिची अब्रू टांगणीला लावली होती.

राहत्या घराच्या तळमजल्यावर नवऱ्याचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. भरदुपारी, गिऱ्हाईक म्हणून आत आलेल्या माणसाने त्याच्यावर गोळी झाडली. जागेचं जुनं भांडण होतं. सून तेव्हा मागच्या खोलीत काचा पुसत बसली होती. मारेकरी सापडला, पण घरातलं कुणी त्याला सामील होतं का, हा प्रश्न लोंबकळत राहिला. आणि घरातलं म्हणजे कोण, हे सासूबाईंनी साऱ्या गल्लीला ऐकवून ठेवलं होतं.

"पलीकडच्या खोलीत गोळी सुटते आणि हिला पत्ता नाही? हे केस काही उन्हाने पांढरे नाही झाले माझे!"

मागच्या तारखेला सुनेने साक्ष दिली होती, बंदुकीचा आवाज ऐकला नाही म्हणून. खरंच नव्हता ऐकला. पोलिसांनीही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बंदुकीच्या तोंडाला ही सायलेन्सरची नळी लावलेली होती, आवाज झालाच नसणार. आज हा शिकलेला माणूस तेच चारचौघांत सांगेल आणि आपण सुटू, एवढ्या एका आशेवर ती आली होती.

"बंदुकीचा आवाज मुळात कशाचा असतो?" तज्ज्ञ चष्मा वर सरकवत म्हणाला. "गोळीमागून तापलेला वायू प्रचंड दाबाने एकदम बाहेर पडतो, त्याचा. ही नळी त्याला एकदम बाहेर पडू देत नाही. आत बघा, ओळीने लहान लहान खोल्या आहेत. मधल्या प्रत्येक पडद्याला भोक आहे. गोळी त्यातून सरळ निघून जाते. वायू मात्र प्रत्येक खोलीत अडखळतो, पसरतो, थंडावतो. दाराशी पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो."

"आणि तो जाळ दिसतो तो?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"तोही बराचसा आतच विझतो. तापलेला वायू बाहेरच्या हवेत पेट घेतो, म्हणून जाळ दिसतो. इथे तो बाहेर येईपर्यंत निवलेला असतो."

"म्हणजे आवाज होतच नाही."

"सिनेमात होत नाही," तज्ज्ञ म्हणाला. मागे दोघेतिघे हसले. "प्रत्यक्षात चांगला होतो. शेजारच्या खोलीत, वरच्या मजल्यावर ऐकू आलाच पाहिजे. फक्त बंदुकीचा वाटणार नाही. जड काहीतरी धप्पकन पडल्यासारखा वाटेल."

सुनेने तो शब्द मनात पुन्हा म्हटला. धप्प.

झाला होता की आवाज! पुढच्या खोलीत धप्प झालं, तिला वाटलं प्लायवूडचा गठ्ठा घसरला. नंतर नवरा सापडला तो त्या पडलेल्या गठ्ठ्यावरच, म्हणून तिला कधी शंकाही आली नाही. "काय पाडलंत?" असं तिने ओरडून विचारलंही होतं. उत्तर नाही. सकाळपासून दोघांचा अबोला होता, उत्तर येणार कुठून! तरी ती उठायला निघाली होती. एक गुडघा उचललाही होता. तेवढ्यात वरून सासूबाई कडाडल्या होत्या.

"काय आदळआपट चालवलीयेस गं? नवऱ्यावरचा राग भांड्यांवर का काढतेस? गप बस, घटकाभर झोपू दे मला!"

आणि ती गप बसली होती. चांगला अर्धा तास. गोळी लागल्यावर तो काही वेळ जिवंत असावा, असं डॉक्टर मागेच म्हणाले होते.

तिने मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर, नणंदेच्या शेजारी, सासूबाई बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडलेला. तोंड उघडं राहिलेलं, आणि ते मिटायचं त्यांना भान नव्हतं. त्यांनाही कळलं होतं.

न्यायाधीशांनी सुनेला पुन्हा बोलावलं.

"आवाज झाला होता का? आठवून सांगा."

"झाला होता. मला वाटलं, लाकूड पडलं. मी हाकही मारली."

"हाक मारलीत, आणि उत्तर आलं नाही तरी बघायला गेला नाहीत?" आता आरोपीचा वकील उठला होता. "का?"

तिची नजर शेवटच्या बाकाकडे गेली.

"बरं, ही हाक कुणी ऐकली? घरात आणखी कोण होतं?"

"सासूबाई. वर होत्या."

"मग त्यांनी तो आवाज, ती हाक, ऐकली असेलच!"

एक वाक्य. ते बोललं की तिच्या माथ्यावरचं किटाळ आत्ता, इथेच जाणार होतं. शब्द अगदी ओठांवर आले. त्या म्हातारीने तिला गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवली नव्हती, याचा राग काय थोडा होता? पण मागचं ते उघडं तोंड डोळ्यांपुढून हलेना. रडू फुटेल असं वाटलं, म्हणून तिने कठडा धरला.

"त्यांना कमी ऐकू येतं," ती म्हणाली.

ती इतकं हळू बोलली की न्यायाधीशांनी पुन्हा सांगायला लावलं. शेवटच्या बाकावर सासूबाईंनी मात्र पहिल्यांदाच मान खाली घातली होती.

बाहेर जिन्यात नणंद फणकारली, "म्हणजे ऐकलं होतंस, वहिनी! ऐकून बसून राहिलीस?" मग आईकडे वळून म्हणाली, "आणि तुला कधीपासून गं कमी ऐकू येतं? खाली कुजबुजलं तरी वरून उत्तर देतेस तू."

सासूबाई कठडा धरून उतरत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"अगं आई, तुला विचारतेय!"

"काय?" सासूबाई म्हणाल्या. "काय म्हणालीस?"

निकाल लागला, मारेकऱ्याला शिक्षा झाली. सुनेविरुद्ध काही सिद्ध झालं नाही, पण संशय काय पुराव्यावर जगतो? गल्लीतल्या बायका ती आली की अजूनही बोलणं तोडतात.

त्या साक्षीच्या दुसऱ्याच सकाळी तिने जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून नेहमीच्या आवाजात हाक दिली.

"आई, चहा झालाय."

वर खाट करकरली, म्हणजे त्या जाग्या होत्या. उत्तर आलं नाही. सून एक पायरी वर चढली. मग छातीत श्वास भरून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

"आई! चहा झालाय!"

"हो गं," वरून थकलेला आवाज आला, "आता आलं ऐकू."