सोळा जाकिटं

शिकार मंडळाच्या अध्यक्षांनी कापून ठेवलेल्या बाह्या कोपराने बाजूला सारल्या आणि टेबलावर जागा केली. मागून आलेल्या, मंडळातल्याच बेकरीवाल्याने खांद्यावरचा तागा तिथे टाकला. कापड इतकं भडक नारिंगी होतं की शिंपिणीने डोळे बारीक केले.

“चाळीस जाकिटं,” अध्यक्ष म्हणाले. “गावातल्या प्रत्येकाने शेतात जाताना घालायची. म्हणजे माणूस कुठे आणि जनावर कुठे, ते आम्हाला लांबूनच कळेल. कापड शिकार मंडळाकडून भेट.”

“म्हणजे आमच्याच शेतात आम्ही नटूनथटून जायचं?” आतून शिंपिणीच्या नणंदेने विचारलं.

तिचा उजवा हात अजून पट्टीत होता. गेल्या महिन्यात ती घरामागच्या वाफ्यात शेंगा तोडत होती. काहीतरी हललं म्हणून कुणीतरी बंदूक झाडली आणि चार छर्रे तिच्या तळहातात घुसले. काजं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता त्या हातात सुई ठरत नव्हती. त्याच दिवशी एक गाभण हरिणी पोटात छर्रे घेऊन ओढ्याकाठी पडली आणि तीन दिवस तडफडत राहिली. तिला शोधायलाही मंडळातलं कोणी फिरकलं नाही. बंदूक कोणाची, म्हणून विचारायला गेलं तर मंडळातल्या सोळाच्या सोळाजणांनी कानांवर हात ठेवले. निर्लज्जपणालाही काही सीमा असते, असं शिंपिणीला तोवर वाटत होतं.

“शिवते,” ती म्हणाली. “पंधरा दिवसांनी या.”

ते गेल्यावर नणंद तणतणली. “वहिनी, तू हो म्हणालीसच कशी? माझ्या हाताचं वाटोळं केलं त्यांनी, आणि तू त्यांच्यासाठी मशीन चालवणार?”

“आधी ती मापांची वही काढ.”

“आणि चाळीस मापं घ्यायला घरोघर कोण फिरणार?”

“कोणी नाही. जी लागतात ती वहीत आहेत.”

पंधरा दिवस मशीन चालू राहिलं. काजं शिंपिणीनेच केली. ती जरा वाकडी झाली. नणंद ती पाहून नाक मुरडायची, पण डाव्या हाताने धागे कापून द्यायची.

ठरल्या दिवशी अध्यक्ष बेकरीवाल्याला घेऊन आले. टेबलावर छोटासाच गठ्ठा होता. त्यांनी वरचं जाकीट उचलून अंगाला लावलं. एवढं पोट सामावून घेणारं जाकीट गावात दुसऱ्या कोणाला होण्यासारखं नव्हतं. पाठीवर वीतभर उंचीचा काळा आकडा शिवलेला होता. एक.

“हे काय?”

“सोळा जाकिटं. तुमच्या सगळ्यांचे कोट मीच शिवलेत, मापं होतीच. आम्ही माणसं आहोत हे आम्ही अंगावर लिहून फिरणार नाही. बंदूक कोणाच्या हातात आहे, ते दिसलं पाहिजे. लांबूनच.”

“आम्ही काय कैदी आहोत, पाठीवर आकडे मिरवायला?”

“मग आमच्या शेतांतून जायचं नाही. गावात सगळ्यांशी बोलून झालंय. रानात शिरायला दुसरी वाट असेल तर शोधा.”

“बाई, हे तुम्हाला जड जाईल.” अध्यक्षांनी जाकीट टेबलावर आपटलं. “चल रे,” म्हणत ते पायऱ्या उतरले.

बेकरीवाला हलला नाही. गळ्याशी टाचलेल्या नावांच्या चिठ्ठ्या वाचत त्याने गठ्ठ्यातून आपलं जाकीट शोधलं आणि अंगात घातलं. सगळी बटणं लावली. मग नणंदेपुढे जाऊन त्याने तिच्या पट्टीतल्या हाताकडे एकदाच पाहिलं आणि तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

शिंपिणीच्या हातातली कात्री तशीच राहिली. बाहेरून अध्यक्ष त्याला हाका मारत होते.

“सात,” नणंद रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “आता दाराकडे पाठ कर. बाहेरच्यांनाही वाचू दे.”